राजूरचा उन्हाळा आणि पेलाभर पाणी

"पहिले असं ऊन नव्हतं."

एप्रिल लागला की आमच्या भागात हे वाक्य दिवसातून किमान तीनदा ऐकू येतं. एकदा दूधवाल्याकडून, एकदा स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्याकडून आणि एकदा घरातच. प्रत्येकाच्या लहानपणीचं ऊन सौम्य होतं आणि लिंबाची सावली गार होती, असं जो तो शपथेवर सांगतो. आम्हा संगणकवाल्यांना हे ऐकलं की हात शिवशिवतात, कारण ही अगदी टिपिकल यूझरची तक्रार आहे. "सिस्टीम पहिले फास्ट होती." बरं, पहिले म्हणजे कधी? फास्ट म्हणजे किती? लॉग आहेत का काही? तर या वीकएंडला (बाहेर पडायची सोय नव्हतीच) लॉग शोधत बसलो.

आधी राजूर कोणतं ते सांगतो. पुण्यातल्या मित्रांना राजूर म्हटलं की भंडारदऱ्याजवळचं, अकोले तालुक्यातलं राजूर आठवतं. ते नव्हे. हे जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं, टेकडीवरच्या गणपतीचं राजूर. गणपतीच्या साडेतीन पीठांत याची गणना होते आणि अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. जालन्याहून भोकरदनला जाताना वाटेत लागतं. बाकी सगळा माळ, बाभळी, लिंबाची झाडं आणि मे महिन्यात डोळे मिटून घ्यावेसे वाटतील इतका उजेड.

तर लॉगमधली पहिली नोंद परदेशी माणसाची. युआन श्वांग (शाळेत आपण ह्यूएनत्संग म्हणून पाठ केला तोच) इ.स. ६४० च्या आसपास महाराष्ट्रात आला होता. तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. त्याने लिहून ठेवलंय की जमीन सुपीक आहे, हवा उष्ण आहे, आणि माणसं साधी, सरळ, पण अपमान केला तर जिवावर उठणारी. हवा उष्ण! म्हणजे १४०० वर्षांपूर्वीसुद्धा पाहुण्याने पहिल्यांदा तेच नोंदवलं. पुढे तो असंही सांगतो की लढाई हरून आलेल्या सेनापतीला इथे शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे नेसायला देतात. यात शिक्षा कसली म्हणे? ऐन उन्हाळ्यात चिलखताच्या जागी सुती लुगडं मिळत असेल तर मी तरी तक्रार केली नसती. (हो, माहीत आहे, त्यांचा हेतू काय होता ते. तो हेतू मला पटत नाही, एवढंच.)

पण तक्रार करणाऱ्यांचंही थोडं बरोबर आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशाने वाढलं. ०.७ ऐकायला काहीच वाटत नाही, पण सरासरी हा प्रकारच फसवा असतो. सर्व्हरचा सरासरी लोड ठीक असतो आणि नेमका रिलीजच्या दिवशी तो झोपतो, तसं. तरीही, इथे पूर्वी ऊनच नव्हतं हे काही खरं नाही. ऊन होतंच. मग माणसं काय नेसत होती, काय खात होती, त्यांची जनावरं कशी तगत होती, हा माझा खरा प्रश्न.

कपड्यांपासून सुरुवात करू, कारण त्यात आमच्या तालुक्याचं नाव थेट इटलीपर्यंत गेलेलं आहे. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना देणग्या देणाऱ्यांच्या यादीत भोगवर्धनच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'अमुक तमुक यांजकडून सप्रेम भेट' असं लिहिलेलं असतं ना, त्याची ही आद्य आवृत्ती. १९३८ साली पाँपेईमध्ये एका घरात हस्तिदंताची एक बाई सापडली. उंची साधारण २४ सेंटिमीटर. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाव गाडलं गेलं, म्हणजे ही बाई त्याच्याआधी भारतातून तिकडे पोचलेली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. पुढे १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं (डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली), तर तिथे त्याच घराण्यातल्या एका हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. तेरलाही अशी एक मूर्ती सापडलेली आहे. त्यामुळे पाँपेईची ती बाई मूळची कुठली यावर विद्वानांचा वाद चालू असतो. कोणी उत्तरेकडे नेतं, कोणी तेरला. माझं मत अर्थातच भोकरदन. तालुक्याचा अभिमान नावाची काही गोष्ट असते की नाही!

त्या बाईच्या अंगावर काय आहे बघितलं तर थोडं ओशाळायला होतं. गळ्यात माळा, कमरेला मेखला, हातभर बांगड्या, पायात घोट्यापासून पार गुडघ्यापर्यंत वाळे, पाठीवर लांब वेणी. कपडा म्हणाल तर जवळजवळ नाहीच. आता ही मूर्ती आहे, शृंगाराचं लेणं आहे, तेव्हा भोगवर्धनच्या बाजारात बायका अशाच हिंडत असं कोणी समजू नये. पण त्या काळच्या शिल्पांत वस्त्र असतं ते इतकं तलम की नुसत्या घडीच्या रेषेवरून आणि गाठीवरून कळावं. हा नुसता शिल्पकाराचा चावटपणा नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस' मध्ये, पैठण आणि तेरहून गाड्या भरभरून माल भडोचच्या बंदराला जातो असं लिहिलंय, आणि तेरच्या मालात जाडंभरडं कापड आहे तसंच तलम मलमलही आहे. कापूस आमच्या काळ्या मातीचा, सुती कपडा आमच्या उन्हाचा. सैलसर, घाम टिपणारा, वारा आत घेणारा. आज त्याच टापूत लग्नसराईत, ऐन मे महिन्यात, नवरदेव पॉलिस्टरच्या शेरवानीत वाफाळत उभा असतो. बरं, लग्नाची तारीख मे मधली का? तर शाळांना सुट्टी आणि शेतं रिकामी. असो.

गावातल्या म्हाताऱ्यांचा पांढरा पटका मात्र मला कायम भारी इंजिनिअरिंग वाटत आलाय. अनेक थर, मध्ये हवा, रंग पांढरा, घाम शोषून घेणारा, वेळप्रसंगी विहिरीतून पाणी शेंदायला दोर, चार कैऱ्या बांधायला पिशवी आणि दुपारी उशी. स्कूटीवरून जाणाऱ्या पोरी तोंडाला डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळतात, त्यांची लोक टिंगल करतात, पण ती त्याच पटक्याची नात आहे.

आता मुख्य लॉग. सातवाहन राजा हालाच्या नावावरची 'गाथासप्तशती'. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातेकशे छोट्या कविता, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीच्या तोंडचं बोलणं. स. आ. जोगळेकरांनी ती मराठीत आणली. राजधानी पैठण, राजूरपासून फार लांब नाही. यात राजे-महाराजे फार कमी आणि शेतकरी, वाटसरू, बायका, बैल, म्हशी फार. उन्हाळाही आहे. एका गाथेत बाई वाटसरूला सांगते की भर दुपारी सावलीसुद्धा उन्हाला भिऊन माणसाच्या अंगाखाली दडून बसलीय, तेव्हा तू तरी थांब की थोडा. (बाराच्या उन्हाचं इतकं अचूक वर्णन मी कुठल्याही हवामान ॲपवर वाचलेलं नाही.)

पण सगळ्यात प्रसिद्ध आहे ती पाणपोईची गाथा. वाटसरू ओंजळ करून पाणी पितोय. पाणी पाजणारी मुलगी देखणी आहे. म्हणून हा पठ्ठ्या बोटं जरा सैल सोडतो, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणं लांबेल, आणि नजर वर करून तिच्याकडे बघत राहतो. तिच्या ते लक्षात येतं. ती काय करते? पाण्याची धार बारीक करते. बस, एवढंच. दोन हजार वर्षांपूर्वीचं फ्लर्टिंग, एकही शब्द न बोलता. :-)

ही गाथा मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचली तेव्हा नुसता खूश झालो होतो. आता परत वाचताना त्यातलं पाणी दिसायला लागलं. वाटसरू बोटांतून पाणी गाळतोय, जमिनीवर सांडतोय. पाणपोईवरचं पाणी कुठून तरी विहिरीवरून शेंदून आणलेलं, रांजणात ओतलेलं. कोणी आणलं असेल? बहुतेक तिनेच. तिने धार बारीक केली ती त्याला जास्त वेळ थांबवण्यासाठी, असं सगळे टीकाकार सांगतात आणि ते बरोबरच असणार. पण धार बारीक केली की पाणीही कमी सांडतं, हे माझ्या आजीला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "मंग? पोरगी शहाणी व्हती."

माझी आजी काव्यसमीक्षक नाही. पण दीड-दोन किलोमीटरवरून डोक्यावर हंडे आणलेली बाई आहे.

आता थोडं गणित. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडून द्या. माठात १० लिटर पाणी आहे आणि ते ४० अंशांवरून २८ अंशांवर आणायचंय. त्यासाठी साधारण ५०० किलोज्यूल उष्णता काढून टाकावी लागते. १ किलो पाण्याची वाफ होताना ते साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. म्हणजे थिअरीत जेमतेम २०० ग्रॅम, पेलाभर पाणी माठातून पाझरून उडून गेलं की बाकीचं १० लिटर गार. (प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत येत असते, म्हणून जास्त लागतं.) विजेशिवाय, कॉम्प्रेसरशिवाय, कुंभाराने चाकावर बनवलेलं रेफ्रिजरेशन. आणि हे मुंबईत नीट चालत नाही, कारण तिथली हवा आधीच ओली असते. मराठवाड्याची कोरडी, फुफाट्याची हवा यासाठी एक नंबर. वाळ्याचे पडदे, लोखंडी कूलर, अंगणात संध्याकाळी मारलेला सडा, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, सगळ्यांचं तंत्र एकच.

इतकंच नाही, आपण स्वतःही त्याच तंत्रावर चालतो. उन्हात काम करणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. बैलही घामावरच चालतो. आपल्या वशिंडाच्या बैलाची कातडी सैल असते, गळ्याखाली पोळी लोंबते आणि घामग्रंथीही विलायती गाईंपेक्षा मोठ्या असतात, त्यामुळे तो आपल्या उन्हात टिकतो. म्हशीचं काळं अंग आणि घाम कमी, म्हणून ती दिसेल त्या डबक्यात बसते. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, म्हणजे तोंडातलं पाणी उडवतो. आमच्या वाड्यातलं कुत्रं उन्हाळाभर रांजणाखालच्या ओल्या मातीत खड्डा करून पडलेलं असतं. त्याला कोणी भौतिकशास्त्र शिकवलेलं नाही.

कुत्र्यांवरून आठवलं. उन्हाळा आणि कुत्री यांवरून मुंबईत चक्क दंगल झालेली आहे. १८१३ च्या एका नियमानुसार कंपनी सरकारचे पोलीस उन्हाच्या दिवसांत मोकाट कुत्री मारत असत. १८३२ साली मुदत वाढवली, त्यात कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस, तेव्हा मारणारे घराघरातली पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले. पारशी लोकांत कुत्रा पवित्र. जूनमध्ये त्यांनी फोर्टात दुकानं बंद केली, साहेबाचं पाव-मांस-पाणी अडवलं आणि मोठा गोंधळ झाला. लायसन, पट्टा, नसबंदी वगैरे आजच्या वादांच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षं!

खाण्याकडे येऊ. उन्हाळ्यात आमच्याकडचं खाणं म्हणजे भाकरी, कांदा, ठेचा, ताक, कैरीचं पन्हं, आणि चतुर्थीला राजूरला गेलं की साबुदाण्याची खिचडी. सातवाहनांच्या त्या वाटसरूला यातलं काय ओळखू आलं असतं? भाकरी आली असती. ज्वारी मूळ आफ्रिकेची, पण इथे येऊन हजारो वर्षं झालेली. ताक आणि कैरी तर घरचीच. ठेचा नाही, कारण मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. आणि उपासाची खिचडी? साबुदाणा ज्यापासून करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. बटाटा तिकडचाच. मिरची तिकडची. म्हणजे आपण अत्यंत भक्तिभावाने चतुर्थीला जे खातो ते जवळजवळ पूर्ण अमेरिकन जेवण आहे, वर साजूक तूप तेवढं आपलं. खरी जुनी म्हणाल तर भगर. तिला मात्र पोरं नाक मुरडतात.

उन्हाळ्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रकार खाण्याचा नसून कारखान्याचा आहे: वाळवण. इतर वेळी शिव्या घालायचं ते ऊन आमच्या बायका एप्रिल-मेमध्ये फुकटचा ड्रायर म्हणून वापरतात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत साच्यातून कुरडया पाडायच्या. पापड, शेवया, बाजरीच्या खारोड्या. गच्चीवर जुनी लुगडी अंथरलेली, कडेला दगड. आणि राखणीला काठी घेऊन आम्ही पोरं, ज्यांच्यापासून राखण करायची ते कावळे आणि कुत्री, आणि ज्यांच्यापासून खरी राखण करायला हवी तीही आम्हीच. ओल्या खारोड्या किती गायब होतात याचा हिशेब आजी राखायची, पण बोलायची नाही. आता लक्षात येतं की हे नुसते चोचले नव्हते. पावसाळ्यात भाजी मिळत नाही, पाऊस आला नाही तर काहीच मिळत नाही, त्या महिन्यांचा तो बॅकअप होता.

आता परत बैलांकडे. गाथासप्तशतीत आणखी एक शेतकरी आहे. ऐन माघाच्या थंडीत तो आपलं पांघरूण विकून बैल घेतो. थंडीचं काय, घरात ऊबदार बायको आहे की, असा त्याचा हिशेब. गंमत आहेच, पण आधी कपडे विकायचे आणि बैल घ्यायचा, हा क्रम बघा.

१८०३ मध्ये आमच्याच टापूत असईची लढाई झाली. आर्थर वेलस्ली, पुढे नेपोलियनला हरवणारा, २१ सप्टेंबरला बदनापूरला कर्नल स्टीव्हन्सनला भेटला आणि दोघे वेगवेगळ्या रस्त्यांनी भोकरदनकडे निघाले. २३ तारखेला तो एकटाच शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर येऊन ठेपला. केळणा नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. त्याने बघितलं की नदीच्या या काठावर एक गाव आणि समोरच्या काठावर दुसरं गाव, अगदी समोरासमोर. अशी गावं वसतात तिथे लोक नदी ओलांडत असणारच, असा त्याने तर्क केला, आणि उतार निघाला! (डॉक्युमेंटेशनवर विश्वास न ठेवता यूझर काय करतात ते बघा, हा धडा मी नव्या पोरांना नेहमी सांगतो.) दीड हजारांवर त्याची माणसं मेली-जखमी झाली, त्याचा डायोमेड नावाचा घोडा भाल्याने जखमी झाला. पण इतिहासाच्या पुस्तकांत कमी येतं ते असं, की या माणसाच्या पत्रांमध्ये तोफांइतकीच चर्चा बैलांची आहे. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या बैलांचे कळप इंग्रजांच्या हातात आले, त्यांच्यावर तोफा ओढल्या जायच्या. आणि धान्य? ते वंजाऱ्यांच्या तांड्यांच्या पाठीवाहू बैलांवर. बैल मेला की फौज थांबली. अंगात लाल लोकरी कोट घालून दख्खनमध्ये लढणाऱ्या साहेबाला निदान एवढं कळत होतं की या देशात इंजिन कोण आहे, आणि ते पाण्यावर चालतं.

हे इंजिन १९७२ ला बंद पडलं.

१९७० पासून पाऊस कमी होत गेला, आणि १९७२ ला जवळजवळ आलाच नाही. मी वर म्हटलं ना, भोकरदनचं उत्खनन १९७३ चं? त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. म्हणजे भोकरदनला विद्वान मंडळी हलक्या हाताने, ब्रशने दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी शोधत होती, आणि चहूकडे माणसं पहार-कुदळीने खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. दुष्काळाचं वर्ष म्हटलं की म्हातारी माणसं सालाचा आकडा पूर्ण म्हणत नाहीत. 'बहात्तर' एवढंच. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, आणि पोरांना सुकडी. मिलो म्हटलं की आजी आजही तोंड वाकडं करते. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ ला झाला, आणि त्यावरून २००५ चा देशभराचा कायदा.

आबांची बैलजोडी त्या साली गेली. विकली असं ते म्हणायचे, पण चारा नसताना, सगळेच विकत असताना, मिळालेल्या पैशाला 'किंमत' म्हणणं अवघड आहे. ते तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. साधारण माझ्याच वयाचे. गाथेतल्या शेतकऱ्याने अंगावरचं विकून बैल घेतला आणि आबांनी बैल विकून धान्य घेतलं. खडी फोडायला दोघं जात. आजी सांगते, कामावर पाणी पाजायला एक बाई असायची, आणि ती प्रत्येकाला मोजून ओतायची. मी विचारलं, किती? म्हणाली, "पेलाभर. वर मागितलं तर मुकादम वरडायचा." तासाला लिटरभर घाम, आणि पेलाभर पाणी. हे गणित कुठल्या बाजूने सोडवलं तरी जुळत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती गोष्ट. आमच्या भागाने जगाला दिलेली सगळ्यात मोठी तांत्रिक गोष्ट कोणती? बियाणं म्हणाल, स्टील म्हणाल, मोसंबी म्हणाल (जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये जीआय मिळालं). माझं उत्तर: हापसा. आणि मी हे अभिमानाने नाही, पुराव्याने सांगतोय.

१९६० च्या दशकात जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचे लोक बोअर मारायचं काम करत होते. बोअरवर तेव्हा जे हातपंप बसवत ते बिडाचे, परदेशी धर्तीचे. ते डिझाइन मुळात एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणासाठी. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन बादल्या. आपल्याकडे त्या एका पंपावर अख्खं गाव. पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत दांडा वरखाली. बोल्ट सैल होणार, बीड तडकणार, दुसरं काय होणार? पुढे १९७० च्या दशकात युनिसेफच्या पाहणीत बसवलेल्या हातपंपांपैकी सुमारे पाऊण पंप बंद आढळले. टेस्टिंग एका यूझरवर आणि प्रॉडक्शनला हजार, ही चूक आमच्या धंद्यात दर आठवड्याला होते. फरक इतकाच, की आमच्याकडे साइट बंद पडली तर लोक रिफ्रेश मारतात. तिथे पंप बंद पडला की बाई हंडा घेऊन पुढच्या गावाला चालायला लागते.

जालन्याच्या लोकांनी बिडाच्या ऐवजी स्टील वापरलं, वेल्डिंग केलं, आणि दांड्याचे ढिले होणारे अनेक सांधे काढून एकच पक्का खुंटा ठेवला. याला 'जालना पंप' असंच नाव पडलं. सोलापूरला त्याच्यात आणखी सुधारणा झाल्या, तो सोलापूर पंप. आणि तो समोर ठेवून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' बनवला. तुम्ही कुठल्याही खेड्यात जो निळा-राखाडी, चौकोनी डोक्याचा, साखळीवाला हापसा बघितला असेल, तो हाच. असे लाखो बसले. आफ्रिकेत गेले. जगात सगळ्यात जास्त वापरला गेलेला हातपंप म्हणून त्याचं नाव घेतात. पाँपेईला गेलेल्या बाईपेक्षा मला ही निर्यात मोठी वाटते. तिच्यासाठी संग्रहालय आहे. जालना पंपाचा मात्र जालन्यात एखादा फलक माझ्या तरी बघण्यात नाही.

आमच्या वस्तीवर हापसा आल्यावर काय बदललं, असं आजीला विचारलं. मला वाटलं ती वेळ वाचला वगैरे म्हणेल. ती म्हणाली, "कुरडया चालू झाल्या परत." गहू भिजवायला पाणी लागतं ना.

मार्क टू साधारण दीडशे फुटांपर्यंतचं पाणी ओढतो, त्याच्या खाली हाताने दांडा मारणं माणसाच्या ताकदीबाहेर जातं. पुढे वीज आली, सबमर्सिबल आली, मोसंबीच्या बागा आल्या, आणि बोअर खोल खोल जात राहिले. दोनशे, चारशे, सहाशे फूट. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यात सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी होता. निजामाच्या काळापासून जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव आटला, टँकरने पाणी घालून वाचवलेल्या बागाही शेवटी लोकांनी तोडल्या, जनावरं छावण्यांत गेली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या हापशाचा दांडा मारला की आधी बराच वेळ नुसता खडखडाट व्हायचा, मग एक दिवस पाणी येणंच थांबलं. पंपात काही बिघाड नव्हता. डिझाइन बरोबर होतं, फक्त पाणी दीडशे फुटांच्या खाली गेलं होतं, आणि ते तिथे नेलं होतं आमच्याच बांधावरच्या मोटरींनी.

तो हापसा अजून उभा आहे. साखळी कोणीतरी काढून नेली, पण दांडा शाबूत आहे. पावसाळा बरा झाला तर दिवाळीपर्यंत पाणी देतो, म्हणून ग्रामपंचायतीने काढला नाही. यंदा तो फेब्रुवारीतच बंद पडला, त्यामुळे कुत्रं आता त्याच्या ओट्यावर नाही, शेजारच्या कूलरखाली जाऊन बसतं. कूलरला दिवसाला पाण्याचे चार-पाच हंडे लागतात, आणि ते टँकरचे असतात. आजी कूलर लावू देत नाही. ओलं फडकं डोक्यावर घेऊन ओसरीत बसते, आणि माठातून पाणी काढताना पेला काठोकाठ भरत नाही, थोडा खालीच ठेवते.